पोळपाट म्हणजे काचेची बरणी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत नव्या भांड्यांवरची लेबलं काढण्याच्या युक्त्यांची चौकट छापून आली आहे. ती लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी पोळपाट हातात धरला आहे का, हे कळलं तर बरं होईल.

वस्तू रात्रभर गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी नेलपेंट रिमूव्हरने पुसा, असा सल्ला आहे. काचेच्या बरणीला ठीक. स्टीलच्या ताटाला तर तेवढाही खटाटोप लागत नाही, मागच्या बाजूने गॅसवर जरा वेळ धरलं की लेबल अलगद सुटतं. पण आपल्या चौकटीत काच, स्टील, प्लॅस्टिक आणि लाकूड अशी चारही मंडळी एका पंगतीला बसवली आहेत, आणि सगळ्यांना एकच वाढप!

आमच्या सूनबाईंचा आपल्या पुरवणीवर गाढ विश्वास. गेल्या आठवड्यात त्यांनी दादरच्या एका दुकानातून शिसवी पोळपाट आणला. लेबल कुठे, तर बरोबर मधोमध, जिथे पोळी फिरते तिथे. मागे पायांजवळ लावायला जागा नव्हती का? वरचा चकचकीत पापुद्रा निघाला, पांढरा कागद तसाच राहिला. त्यावर पीठ बसलं, पिठावर तेलाचा हात लागला आणि दोन दिवसांत तिथे काळपट चट्टा तयार झाला. पोळी छान गोल फिरत यायची आणि त्या जागी अडकून फाटायची. म्हणून काल रात्री पोळपाट बादलीत गेला. माझी गोळी घेऊन झोप लागली होती, नाहीतर गेला नसता.

आज सकाळी पाहते तर पोळपाट फुगलेला. दोन फळ्यांचा सांधा इतका उघडला होता की त्यात नख जाईल. ओट्यावर ठेवला तर एका पायावर डुगडुगतो. वरून हात फिरवला की बारीक तुसं बोटांना लागतात. बाहेर पाऊस असा कोसळतोय की खिडकीतले रुमाल वाळत नाहीत, तिथे हा पोळपाट कधी वाळणार आणि बुरशी धरायच्या आत वाळणार का, हे आपल्या चौकटीतल्या तज्ज्ञांनीच सांगावं. आणि एवढं करून डिंक जागच्या जागी! पाण्याने कागद भिजून सुटतो, लेबलाचा डिंक विरघळत नाही. दुसऱ्या पायरीआधी रिमूव्हरची बाटली मी काढून घेतली. ज्यावर पोळ्या लाटायच्या त्यावर रिमूव्हरमधलं ॲसिटोन चोळा, असं छापताना कुणाचाच हात अडखळला नाही? लाकूड शोषून घेतं, काचेसारखं पुसून मोकळं होत नाही. शिवाय त्याने पॉलिश उतरतं ते वेगळंच.

त्याच चौकटीत खाली सॅनिटायझरही सुचवला आहे. 2020 पासून उरलेल्या बाटल्या घरोघरी पडून आहेत, तेव्हा कुणीतरी उचलणारच. कोऱ्या लाकडावर बोळ्याने थोडा फिरवला तर फार बिघडणार नाही. पण लाखेचा रंग चढवलेलं सावंतवाडीचं लाटणं किंवा रवी असेल तर? सॅनिटायझर म्हणजे मुख्यतः स्पिरिटच, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार स्पिरिटमध्ये लाख विरघळवूनच पॉलिश करतात. म्हणजे लेबलाबरोबर रंगही गेला.

माझ्या सासूबाई काय करायच्या ते सांगते, छापायचं असेल तर छापा. वरचा पापुद्रा आधी नखाने सोलायचा, म्हणजे तेल आत जायला वाट होते. मग उरलेल्या कागदावर खोबरेल तेल, तेही थेंबांनी, वाटीने नव्हे. दुपारची झोप होईपर्यंत तसंच राहू द्यायचं. नंतर अंगठ्याने चोळलं की डिंकाच्या शेवया वळून येतात. हट्टी असेल तर तेलात खायचा सोडा कालवून तो लेप लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासायचा, आडवा घासला तर ओरखडे राहतात. खरवडायला सुरी घ्यायची नाही, करवंटीची कड पुरते. हल्ली घरात केस वाळवायचं यंत्र असतं, त्याची गरम हवा लांबून दिली तरी डिंक मऊ पडतो. शेवटी साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचं, लगेच कोरड्याने, आणि भिंतीला उभं टेकवून सावलीत ठेवायचं. नव्या लाकडाला तेलाचा हात एरवीही द्यावाच लागतो, त्यामुळे तेल वाया जात नाही.

भिजवण्याचा फायदा मात्र एक झाला, तो प्रामाणिकपणे नोंदवते. वरचं लेबल निघालं तर खाली दुसरं निघालं! वर 650 रुपये, खाली 480. दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, 'मावशी, भाव वाढलेत, माल जुना होता.' अहो, पोळपाट प्लॅस्टिकमध्ये सीलबंद होता. वेष्टनबंद वस्तूंसाठी वैधमापन शास्त्राचे 2011 चे नियम आहेत. किंमत वाढवण्यासाठी वर स्टिकर चिकटवता येत नाही. कमी करण्यासाठी येतो, तोही मूळ किंमत झाकली जाणार नाही असा. हे मी सांगितल्यावर फोनवरच्या गृहस्थांना अचानक गिऱ्हाइकं आली. पुरवणीत यावर एखादी चौकट आली असती तर सूनबाईंनी ती वाचून काही बिघडलं नसतं.

पण स्टिकरबद्दल दुकानदाराला बोलताना आपल्यालाही चार शब्द ऐकवणं भाग आहे. आजच्याच अंकाच्या पहिल्या पानावर कुठल्याशा गृहसंकुलाच्या जाहिरातीचा पिवळा स्टिकर चिकटवलेला होता, पावसाच्या बातमीवर. काढायला गेले तर निम्मा मथळा त्याच्याबरोबर निघून आला. मुलगा ऑफिसला निघालेला. लोकल मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरच्या बंद आहेत की हार्बर मार्गावरच्या, हे शेवटी शेजारच्या घरी जाऊन विचारावं लागलं, त्यांच्या अंकावरचा स्टिकर जरा बाजूला बसला होता म्हणून. कागदावर खोबरेल चालत नाही, एवढं आपल्या जाहिरात विभागाला कळवावं.

आपली नियमित वाचक,
(नाव छापू नये, सूनबाई अंक वाचतात)
गिरगाव, मुंबई