कॉलेजने खाते उघडायला लावले, तर धोकेही कॉलेजनेच शिकवावेत

संपादक महोदय,

माझा भाचा डिप्लोमा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असताना त्याने लिंक्डइनवर, म्हणजे नोकरी आणि कामाच्या ओळखींसाठीच्या संकेतस्थळावर, खाते उघडले. स्वतःहून नव्हे. प्रोफाइलची लिंक दिल्याशिवाय प्लेसमेंटसाठी नावच नोंदवून घेणार नाही, असे कॉलेजने सगळ्या वर्गाला सांगितले होते. फोटो कसा असावा, स्वतःबद्दल चार ओळी कशा लिहाव्यात, हे अर्ध्या तासात सांगून झाले. त्यानंतर दीड महिन्यात त्याचे २५ हजार ३५० रुपये गेले.

हे वाचून पालकांनी मुलांची खाती बंद करायला लावू नयेत, म्हणून आधी माझे सांगते.

२०१२ मध्ये सासूबाईंच्या आजारपणात मी भोसरीतली अकाउंट्सची नोकरी सोडून मिरजेला आले. परत काम शोधायला लागले तेव्हा दहा वर्षे उलटून गेली होती. नोकरी सोडली तेव्हा व्हॅट होता, आता जीएसटी. कोर्स करून मी तो शिकून घेतला, पण अर्ज पाठवले की दहा वर्षांच्या खंडाकडे बोट दाखवले जायचे. नातेवाईक, शेजारी, जवळच्या मैत्रिणी सगळ्यांना सांगून झाले होते. त्यांना ज्या जागा माहीत होत्या त्या मलाही माहीतच होत्या. शेवटी लिंक्डइनवरच्या जुन्या खात्यात मी सरळ लिहिले की इतकी वर्षे घरी होते, का होते, आणि आता कोणते काम करू शकते. भोसरीत माझ्या हाताखाली सहा महिने असलेल्या एका मुलीने ते बंगळुरूत वाचले. ती ज्या कंपनीत आहे तिला सुटे भाग पुरवणारा एक कारखाना कुपवाड एमआयडीसीत आहे आणि तिथे हिशेब सांभाळायला माणूस हवा होता. माझ्या घरापासून वीस मिनिटांवरच्या कारखान्यातली जागा मला बंगळुरूहून कळली! आज तिथे माझे तिसरे वर्ष चालू आहे.

हा निव्वळ योगायोग नव्हता, हे मला नंतर समजले. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर पाच वर्षे केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नोकरी मिळवून देण्यात अगदी जवळच्या माणसांपेक्षा बेताच्या ओळखीची माणसे अधिक उपयोगी पडतात, असे त्यात दिसले. ज्याच्या घरात कुणी मोठ्या हुद्द्यावर नाही, ज्याला पुण्या-मुंबईत काका-मामा नाहीत, अशा मुलाला ही बेताची ओळख दुसरीकडे कुठे मिळणार? म्हणून भाच्याने खाते उघडले तेव्हा मला आनंदच झाला होता. त्याच्या फोटोभोवती ‘नोकरीच्या शोधात’ असे सांगणारी हिरवी पट्टी लावायला मीच त्याला सांगितले. ही गोष्ट मला आजही सलते. आपली गरज त्या पट्टीने चार चांगल्या माणसांना कळते, तशीच ती लुबाडणाऱ्यालाही कळते.

आठवड्याभरात एका नामांकित कंपनीच्या ‘एचआर’, म्हणजे नोकरभरती पाहणाऱ्या, बाईंचा निरोप आला. पाचशेच्या वर ओळखी, नीटनेटका फोटो, आणि त्या ओळखींत भाच्याच्याच वर्गातली दोन मुले. त्यांनीही बाईंना न ओळखता होकार दिला होता, आणि याने त्यांच्याकडे पाहून विश्वास ठेवला. मुलाखत टेलिग्रामवर लेखी झाली. समोरासमोर सोडाच, फोनवरही कुणी एक शब्द बोलले नाही. दोन दिवसांत शिक्का आणि बोधचिन्ह असलेले ऑफर लेटर हजर. मग कागदपत्रांच्या पडताळणीसाठी १,८५० रुपये. लॅपटॉपच्या डिपॉझिटचे १४,५००, पहिल्या पगारात परत मिळतील म्हणून. शेवटी विमा आणि गेटपासचे ९,०००, तेही मित्राकडून उसने घेऊन भरले. त्यानंतर ते प्रोफाइलच नाहीसे झाले.

त्याने चार दिवस घरात कुणाला काही सांगितले नाही. रुजू कधी व्हायचे, असे ताईने विचारले तेव्हा तो रडायला लागला. पाचव्या दिवशी आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी क्रमांकावर फोन केला, पण तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात निघून गेले होते. तक्रार लगेच गेली तर रक्कम बँकेत अडवता येण्याची शक्यता असते. आमचे चार दिवस लाजेने खाल्ले. पैशांइतकीच काळजी कागदपत्रांची आहे. आपल्याकडे बायोडाटात वडिलांचे नाव, जन्मतारीख, घरचा पूर्ण पत्ता लिहायची पद्धत आहे. ते सगळे त्याने दिले होतेच, वर आधार आणि पॅनचे फोटोही पाठवले होते. त्याच्या नावावर कुणी कर्ज काढले नाही ना, हे आम्ही अजून दर काही महिन्यांनी तपासतो.

यात पैशांपलीकडची संकटेही आहेत. थायलंडमध्ये नोकरी देतो म्हणून आयटीतल्या तरुणांना म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेले जाते, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच दिला होता. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा ५४९ भारतीयांना परत आणावे लागले. मुलींना होणारा जाच वेगळाच. कामाच्या खात्यावर मला, पन्नाशीला आलेल्या बाईला, ‘फोटो छान आहे, नंबर द्याल का’ असे निरोप येतात. बावीस वर्षांच्या मुलीला काय येत असेल!

नंतर भाच्याला आणखी एका ‘एचआर’ने गाठले. या वेळी आम्ही दोघांनी मिळून त्या प्रोफाइलची माहिती उघडून पाहिली. खाते कधी उघडले, ते तिथे महिना आणि वर्षासह दिसते. अनुभव बारा वर्षांचा लिहिलेला, खाते आदल्याच महिन्यातले. फोटोवरून काही ठरवता येत नाही, कारण संगणकाने बनवलेले चेहरे लावलेली हजारावर प्रोफाइल स्टॅनफर्डच्या संशोधकांना २०२२ मध्येच सापडली होती. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती जागा आहे का पाहणे, तिथल्या क्रमांकावर फोन करून विचारणे आणि नोकरीसाठी एक रुपयाही न देणे, एवढे तरी प्रत्येक मुलाला ठाऊक हवे. नोकरी शोधतोय हे सगळ्या जगाला न दाखवता फक्त भरती करणाऱ्यांना दाखवायची सोय तिथे आहे, हेही आम्हाला पैसे गेल्यावर कळले.

म्हणून कॉलेजांच्या प्राचार्यांना आणि तंत्रशिक्षण संचालनालयाला माझी विनंती आहे. खाते सक्तीचे करत असाल, तर त्याआधी दोन तासांचा वर्ग धोक्यांवर घ्या. फसलेल्या मुलाने त्याच दिवशी कुणाकडे जायचे, त्या शिक्षकाचे नाव आणि १९३० हा क्रमांक सूचना फलकावर लावा. भाच्याच्या कॉलेजात आम्ही गेलो तेव्हा ‘हा मुलांचा वैयक्तिक प्रश्न आहे’ असे उत्तर मिळाले. ते मला मान्य नाही.

सांगली-मिरज परिसरातल्या कोणत्याही कॉलेजने बोलावले, तर शनिवारी सुट्टी असते तेव्हा मी स्वखर्चाने येईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे. भाचाही यायला तयार आहे. ते खोटे ऑफर लेटर त्याने फाडलेले नाही, मुलांना दाखवायला जपून ठेवले आहे.

एक वाचक, मिरज
(भाच्याची ओळख उघड होऊ नये म्हणून कृपया नाव छापू नये.)