आजोबांच्या होडीवरच्या खुणा पुसू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील पुण्यस्मरणाच्या मजकुरात 'व्यवसायाने अभियंता, शिडाच्या होडीची आवड' अशी आजोबांची ओळख अधूनमधून वाचायला मिळते. ओळ तिथेच संपते. मुंबई बंदरात, खडकवासल्याच्या पाण्यावर रविवारी शिडे उभारणारी ती पिढी आता थकली, बरीचशी गेली. घरात मागे उरते ती गॅरेजमध्ये किंवा पडवीत ठेवलेली लाकडी डिंगी, म्हणजे शिडाची छोटी होडी. वर्षश्राद्धाच्या सुमारास नातवंडे मोठ्या मायेने ती घासून पुसून नवी करायला काढतात, आणि आजोबांनी तिच्यावर लिहून ठेवलेले सगळे पहिल्या दोन तासांत पॉलिश पेपरखाली जाते. म्हणून हे पत्र.

आपल्याकडे अशा होड्यांत एंटरप्राइज वर्गाची डिंगी पुष्कळ दिसते. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेली, ४.०४ मीटर लांब, दोघांनी चालवायची, निळ्या शिडांची. 'न्यूज क्रॉनिकल' या ब्रिटिश वर्तमानपत्राने ती लोकांपुढे आणली. हौशी माणसाला घरी प्लायवूड कापून बांधता यावी, अशीच तिची रचना होती. १९८२ च्या आशियाई स्पर्धांत मुंबईच्या समुद्रात तिच्या शर्यती झाल्या. अभियंत्यांना ती प्रिय असण्याचे कारण उघड आहे: तिच्यात जवळजवळ सगळेच कमीजास्त करता येते, आणि केलेला बदल लगेच वेगात कळतो.

हे बदल आजोबा कुठे नोंदवत? होडीवरच. सेंटरबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मधोमध पाण्यात खाली सोडायच्या फळीच्या, पेटीच्या कडेवर नीट पाहा. पेन्सिलीच्या दोन-तीन आडव्या रेघा असतील. वाऱ्याच्या तोंडावर जाताना फळी पूर्ण खाली, वारा बाजूने असताना अर्धी वर, पाठीमागून असताना जवळजवळ पूर्ण वर. त्या त्या जागा या रेघा दाखवतात. जिबच्या, म्हणजे पुढच्या लहान शिडाच्या, दोरावर काळ्या दोऱ्याचा घट्ट वेढा सापडला, तर शीड नेमके किती ओढायचे ती खूण समजा. डोलकाठीला आधार देणाऱ्या तारांच्या पट्ट्यांत पाच-सहा छिद्रे असतात, पण घासून चकाकलेले एकच असते. जुन्या वहीत मीटर-सेंटिमीटरमधला एकच आकडा पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर तो बहुधा डोलकाठीच्या कलाचा आहे. मोठे शीड चढवायच्या दोराला मोजपट्टीचे टोक बांधून शेंड्यापर्यंत चढवायचे, जिब ताणलेले ठेवायचे, आणि मागच्या फळीच्या, म्हणजे ट्रान्समच्या, वरच्या कडेच्या मध्यापर्यंत अंतर वाचायचे. जोराच्या वाऱ्यात डोलकाठी मागे कलवतात, तेव्हा हे अंतर कमी भरते. ही मापे एकदा गेली की परत मिळवायला कित्येक मोसम पाण्यावर घालवावे लागतात.

तेव्हा काम सुरू करण्याआधी प्रत्येक खुणेचा फोटो शेजारी फूटपट्टी ठेवून काढावा. पेन्सिलीच्या रेघेवर पॉलिश पेपर फिरवू नये. तेवढा भाग ओल्या फडक्याने पुसून, वाळवून वरून वॉर्निश द्यावे. रेघ खाली शाबूत राहते.

आता लाकडाविषयी. प्लायवूड खाऱ्या पाण्याने सहसा कुजत नाही, ते कुजते पावसाच्या पाण्याने. मीठ बुरशीला रोखते, गोडे पाणी तिला पोसते. म्हणून चार महिने ताडपत्री गच्च गुंडाळून ठेवलेली होडी उघड्यावरच्या होडीपेक्षा लवकर जाते. होडी दोन ओंडक्यांवर उपडी ठेवावी, पाणी काढून टाकायच्या छिद्राचे बूच आणि झाकणे काढावीत, आणि ताडपत्री लाकडापासून फूटभर वर, दोन्ही टोकांना वारा खेळेल अशी बांधावी. कूज कुठे आहे ते स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून कळते. चांगले लाकूड टणटणते, कुजलेले बद्द वाजते. शंका आली तिथे टोच्या दाबावा. तो सहज दोन-तीन मिलिमीटर आत गेला तर तेवढा भाग कापावाच लागेल. सर्वांत आधी पाहायच्या जागा तीन: ट्रान्समचे खालचे कोपरे, डोलकाठीची बैठक आणि सेंटरबोर्डची पेटी तळाला जोडली जाते तो सांधा.

सांध्यातली डिंकाची रेघही वाचता येते. गडद तांबूस-जांभळी असेल तर तो रिसॉर्सिनॉल, त्याची काळजी नाही. फिकट, भुरभुरीत असेल तर बहुधा युरिया फॉर्माल्डिहाइड. उष्ण आणि दमट हवेत तो वर्षानुवर्षे कमजोर होत जातो, मग लाकूड धड असूनही सांधा सुटतो. पितळी स्क्रूचे डोके खरवडून पाहावे. आतून गुलाबी दिसले तर त्यातले जस्त निघून गेले आहे. तो स्क्रू पिळताच तुटेल. त्याच्या जागी सिलिकॉन ब्राँझचा घालावा, लोखंडी कधीही नाही.

कापलेल्या जागी नवे प्लायवूड तिरक्या सांध्याने जोडतात. उतार जाडीच्या आठपट, म्हणजे ६ मिलिमीटरच्या प्लायला ४८ मिलिमीटर. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचे, म्हणजे मरीन प्लायवूडच्या भारतीय मानकाचे, घ्यावे, तरी कापल्यावर कडेत पोकळ्या आहेत का ते पाहावे, आणि प्रत्येक कड इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग कालवून वापरायच्या रेझिनने, भिजवावी. इपॉक्सी आपल्या हवेत एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नये आणि कालवताच पसरट ताटलीत ओतावे. मग्यात साचून राहिले तर ते तापून धुरावते. सुकल्यावर पृष्ठभाग चिकट लागला तर आधी साध्या पाण्याने धुवावा, घासणे नंतर. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. गळती थांबावी म्हणून संपूर्ण तळावर पॉलिएस्टर रेझिन आणि काचकापड चढवून घेऊ नका. पॉलिएस्टर लाकडाला नीट धरत नाही. काही मोसमांत पापुद्रा सुटतो, आत पाणी अडकते, आणि बाहेरून चकचकीत दिसणारी होडी आतून भुसा होते. अशा बऱ्याच होड्या शेवटी फोडून टाकाव्या लागल्या आहेत.

वॉर्निशचा पहिला हात निम्मे टर्पेंटाइन घालून पातळ करावा, म्हणजे तो लाकडात मुरतो. पुढे सहा हात, मध्ये २२० नंबरचा पेपर. सकाळी आठ ते अकरा ही वेळ बरी. दुपारच्या उन्हात फोड येतात, संध्याकाळी दव पडून चमक मरते. तारांवरून कापडाचा बोळा फिरवावा. कुठे धागा अडकला तर तार पिंजली आहे, मग दोन्ही बाजूंच्या तारा बदलाव्यात. होडी उलटली तरी तिला तरंगती ठेवणाऱ्या हवेच्या पिशव्या रात्रभर फुगवून ठेवाव्यात. सकाळी मऊ लागलेली पिशवी होडीत बसवू नये.

होडी पाण्यात घालायला नोव्हेंबरची सकाळ, भरती पूर्ण होण्याआधीचा तास आणि हलका वारा निवडावा. उतरवण्यापूर्वी बूच बसवल्याची खात्री एकाने नव्हे, दोघांनी करावी. पावसाळ्यात काढलेले बूच घरी खिळ्याला लटकत राहते आणि होडी धक्क्यापासून थोडी दूर जाताच पाय ओले होतात.

आपले,
लाकडी होड्यांची डागडुजी करणारे काही वाचक, मुंबई