तपकीर गल्लीतल्या काकांना, ऑक्टोपसच्या घड्याळाबद्दल

काका,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्याकडे ऑक्टोपसचा गेम दुरुस्तीला घेऊन आले होते, ती मी. काम झाल्यावर तुम्ही लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात आणि मला नीट आभारही मानता आले नाहीत. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे.

तो गेम १९८३ साली मामाने मस्कतहून आणला होता. जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 'गेम अँड वॉच'मधला, म्हणजे हातात धरून खेळायचा आणि घड्याळही असलेला, १९८१चा 'ऑक्टोपस'. आगगाडीत कॅल्क्युलेटरशी चाळा करत बसलेला प्रवासी बघून निन्टेन्डोच्याच गुनपेई योकोईंना हे खेळणं सुचलं म्हणतात, आणि आतली करामतही कॅल्क्युलेटरचीच. होडीतून पाणबुड्या खाली सोडायचा, ऑक्टोपसचे पाय चुकवत खजिना उचलायचा, होडीत परत आणला की ३ गुण जादा. खेळायची बटणं दोनच. एवढ्याशा खेळासाठी आम्ही भावंडं जेवणसुद्धा विसरायचो.

बाबांच्या लेखी मात्र ते घड्याळ. पिंपरीला फर्स्ट शिफ्ट असायची. मागचा तारेचा टेकू उघडून ते त्याला उशाशी उभं करत आणि पाचचा गजर लावत. रात्री कुणी हात लावायचा नाही. गजर वाजून गेला की मग गेम आमचा. त्यामुळे आम्हीही पहाटे पाचला टक्क जागे!

यंदा कपाट आवरताना तो सापडला. सेल बदलले तरी काच कोरीच. एका दुकानात सांगितलं, "ताई, डिस्प्ले मेलाय, टाकून द्या." मी जवळजवळ ऐकलंच होतं.

तुम्ही मात्र आधी तो उघडलात. काच आणि सर्किट जोडणारी रबराची पट्टी हलक्या हाताने पुसलीत. काचेवरची पिवळट पडलेली फिल्म सोलून काढलीत, नवे सेल घातलेत, एसीएलचं, म्हणजे रीसेटचं, बारीक बटण काडीने दाबून धरलंत आणि मला म्हणालात, "आता बघा." मला काहीच दिसेना. मग तुम्ही नव्या पोलरायझर फिल्मचा तुकडा काचेवर धरून सावकाश फिरवलात. काका, तो क्षण मी विसरणार नाही. सगळे पाणबुडे, ऑक्टोपसचे सगळे पाय, सगळे आकडे एकदम उमटले! आणखी पाव फेरा दिलात तर उलटं, पार्श्वभूमी काळी आणि चित्रं उजळ. चित्रं काचेत आधीपासून असतात, वीज फक्त त्या जागेवरून जाणाऱ्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा बदलते, आणि ते डोळ्याला दिसायला एकाच दिशेच्या कंपनाचा प्रकाश आरपार सोडणारी ही फिल्म लागते, हे तुम्ही गर्दीच्या वेळी, घाई न करता, समजावून सांगितलंत. इतकी वर्षं ती चित्रं तिथेच होती, फक्त आम्हाला दिसत नव्हती.

पण खरे आभार त्यानंतरच्या कामाचे. गेम चालू झाल्यावर मी पर्स उघडली, तर तुम्ही विचारलंत, "गजर वाजतो का, बघितलंत?" बाबांबद्दल मी एक शब्दही बोलले नव्हते. बझरची तार सुटली होती. तुम्ही ती डाग देऊन जोडलीत, गजर वाजवून दाखवलात आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

बाबा आता ८२ वर्षांचे आहेत. त्या रात्री चष्मा लावून त्यांनी स्वतः पाचचा गजर लावला आणि टेकू उघडून गेम उशाशी उभा केला. मी पाचच्या आधीच उठून त्यांच्या खोलीत गेले, तर तेही जागेच होते. आम्ही दोघं अंधारात वाट बघत बसलो. गजर वाजला. त्यांनी तो बंद केला आणि काही न बोलता गेम माझ्या हातात दिला.

तुमची,
नारायण पेठेतली ऑक्टोपसवाली