पोर्ट २५ अडवून बसलेला सेंडमेल

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र वाचलं. फ्रीबीएसडीचा मूळचा मेल सर्व्हर सेंडमेल हाताने मारून त्याच्या जागी पोस्टफिक्स हा दुसरा मेल सर्व्हर सुरू केलास की चालतं, आणि मशीन रीबूट केलं की पोस्टफिक्स उठत नाही, मेललॉगमध्ये पुन्हा तेच: "बाइंड १२७.०.०.१ पोर्ट २५: ॲड्रेस ऑलरेडी इन यूज", म्हणजे मेल घेण्याचं दार, पोर्ट २५, आधीच कुणीतरी अडवलंय. तेव्हा मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये खुडबुड करू नकोस, बिचाऱ्या पोस्टफिक्सचा काही दोष नाही.

फ्रीबीएसडी १३ वर आरसी.कॉन्फमध्ये (मशीन सुरू होताना काय उठवायचं ते ठरवणारी फाइल) सेंडमेल_एनेबलला "नो" दिलं की सेंडमेल गेला असं कुणालाही वाटेल. पण त्या "नो"चा अर्थ एवढाच, की बाहेरून येणारी मेल घ्यायची नाही. मशीनवरचीच मेल घ्यायला एक सेंडमेल लोकलहोस्टच्या (मशीनच्या स्वतःच्या आतल्या पत्त्याच्या, १२७.०.०.१ च्या) पोर्ट २५ वर उठतोच, आणि तू पोस्टफिक्सची आयनेट_इंटरफेसेस (कुठल्या पत्त्यावर मेल घ्यायची ती सेटिंग) लोकलहोस्टवर ठेवल्यामुळे पोस्टफिक्सलाही नेमकी तीच जागा हवी. (सेंडमेल_एनेबल असं नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं!) आधी "सॉकस्टॅट -४ -एल -पी २५" चालवून बघ, पोर्ट २५ कुणी धरलाय ते त्यात दिसतं. कमांडच्या रकान्यात "सेंडमेल" असेल तर चोर सापडला. पोस्टफिक्स असेल तर तिथे "मास्टर" दिसतं, त्याला बघून दचकू नकोस.

आता सबमिट, आउटबाउंड आणि एमएसपी_क्यू या सेंडमेलच्या उरलेल्या तिन्ही एनेबलनाही "नो" लाव, आणि पोस्टफिक्स_एनेबलला "येस". सेंडमेल_एनेबलला "नन" दिलं तरी चौघे एकदम बंद होतात, पण ती रीत आता जुनी. चार ओळी लिहिलेल्या बऱ्या. चालू सेंडमेल थांबवायला "सर्व्हिस सेंडमेल वनस्टॉप" दे. "नो" लावल्यावर साध्या स्टॉपवर विसंबू नकोस.

एवढ्यावर थांबलास तर क्रॉनची (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) मेल अजूनही सेंडमेलकडेच जाईल. यूएसआर/एसबिनमधला "सेंडमेल" हा खरा सेंडमेल नाहीच, तो मेलरॅपर आहे, मेलर.कॉन्फ ही फाइल वाचून तो काम तिथे लिहिलेल्या मेल प्रोग्रॅमकडे ढकलतो. पोस्टफिक्सच्या पॅकेजसोबत आलेली मेलर.कॉन्फ यूएसआर/लोकल/ईटीसी/मेलमध्ये टाक. न्यूअलायसेस (अलायसेस म्हणजे मेलच्या टोपणनावांच्या यादीची डीबी फाइल बनवणारी कमांड) त्यानंतरच चालव, कारण तीही त्याच रॅपरमधून जाते. अलायसेसची डीबी फाइल नसेल तर रूटची मेल रांगेतच पडून राहते.

पीरियॉडिक.कॉन्फमध्ये (मशीनच्या नेमाने चालणाऱ्या कामांची फाइल) होस्टस्टॅट, मेल_रिजेक्ट्स, सबमिट_मेलक्यू आणि सबमिट_क्यूरन ही सेंडमेलची रोजची कामंही "नो" कर, नाहीतर रोजच्या रिपोर्टात उगाच कचरा येईल.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या फ्रीबीएसडी १४ पासून मूळचा मेल प्रोग्रॅम म्हणून सेंडमेलच्या जागी डीएमए हा छोटा प्रोग्रॅम आहे. पण १३ वरून अपग्रेड केलंस तर आरसी.कॉन्फ तुझीच जुनी राहणार, तेव्हा या ओळी तेव्हाही तपास.

रीबूट करून पुन्हा सॉकस्टॅट बघ आणि काय दिसलं ते कळव.

तुझाच,
दिन्या