जुन्या दिवाळी अंकांना नवे वाचक मिळावेत

संपादक महोदय,

का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शतकाहून अधिक काळ मराठीत दिवाळीनिमित्त सकस लेखन प्रसिद्ध होत आले आहे, परंतु त्यातील बराचसा मजकूर पुस्तकरूपाने न आल्यामुळे विस्मरणात जातो, याचे अतिशय वाईट वाटते.

हे लेखन संपादकांनी पुन्हा वाचकांपुढे आणावे, अशी कळकळीची विनंती आहे. पानांची नुसती छायाचित्रे संकेतस्थळावर टाकून भागणार नाही, कारण त्यांतील मजकूर शोध घेणाऱ्याला सहसा सापडत नाही; तो युनिकोडमध्ये टंकित करून, एखाद्या विषयाभोवती चार-पाच लेख गुंफून आणि आणे, शेर, मैल अशा मापांवर छोट्या टिपा देऊन सादर केला, तर आजचा तरुण वाचकही त्यात रमेल. कथा ध्वनिरूपात दिल्यास, मराठी समजते पण देवनागरी वाचता येत नाही अशा परदेशांतील मुलांपर्यंतही त्या पोहोचतील.

मात्र मूळ प्रकाशनाचे वर्ष ठळकपणे छापलेच पाहिजे. जुना लेख नवा म्हणून देणे ही वाचकांची फसवणूक आहे. लेखकाच्या निधनानंतरही ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, त्यामुळे वारसांची परवानगी आणि मानधन यांतही हयगय होऊ नये.

— एक वाचक, पुणे