उद्या बामणोली

सातारा,
18 मे 2018

प्रिय वैशू,
स. न. वि. वि.

उद्या सकाळी आम्ही सगळे तीन दिवसांसाठी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी, बामणोलीला निघतोय. लाँचने तापोळ्याला जायचं, तिथे राहायचं, मुलांना पाण्यात मनसोक्त डुंबू द्यायचं. यंदा आईसुद्धा येणार आहेत आणि त्याचंच मला जास्त अप्रूप आहे. ते पुढे सांगते. तू मागे विचारलं होतंस ना, नगरसेविकेला दिवसभर एवढं काम तरी काय असतं? आजचाच दिवस सांगते.

पहाटे चारला फोन. रमजान सुरू झालाय आणि ऐन सहरीच्या, म्हणजे रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणाच्या वेळी वरच्या आळीत नळ कोरडे. केबलसाठी रस्ता खणताना जेसीबीचा दात पाण्याच्या लाइनला लागला होता. फिटरनी रात्रीच जोड बसवला होता, पण पाणी सोडून पाहिल्याशिवाय काही खरं नव्हतं. मी पोचले तेव्हा पाणी सोडणारे काका चेंबरवर वाकून लोखंडी चावी फिरवत होते. अर्धा फेरा, मग थांबायचं, कान द्यायचा, परत अर्धा. व्हॉल्व एकदम उघडला तर जोड निसटतो, म्हणाले. नळांतून आधी नुसती हवा फुसफुसली, मग गढूळ धार आली, मग स्वच्छ. कोपऱ्यावरच्या चाचींनी पहिली कळशी शेजारच्या बाळंतिणीकडे पाठवली आणि मगच स्वतःची लावली. सहरीची वेळ संपायला थोडाच अवकाश होता.

हे कासचं पाणी, वैशू. ब्रिटिश काळातला तलाव, आणि तिथून पाणी उताराने शहरात येतं. पण मे महिन्यात तलाव खाली जातो आणि आम्हा सगळ्यांचा जीव वर येतो. तलावाची उंची वाढवायचा विषय इथे एवढा जिव्हाळ्याचा आहे तो त्यामुळेच.

सकाळचा बाकी वेळ ओढ्यावर गेला. पावसाळ्यापूर्वीची सफाई चालू आहे. काढलेला गाळ काठावरच ठेवायची पद्धत मला मुळीच मान्य नाही. पहिल्याच वळवाच्या सरीत तो परत ओढ्यात जातो आणि खालच्या घरांत पाणी शिरतं. ट्रॅक्टर भरून निघेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. येताना मंडईत थांबले. 23 मार्चच्या प्लॅस्टिकबंदीमुळे भाजीवाल्या गोंधळल्यात. कोणती पिशवी चालते, दंड कुणाला, काहीच धड माहीत नाही. आमच्या बचत गटाने जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवायला घेतल्यात, त्या पोचवल्या.

आणि मग वाडा. मला तुला मुख्यतः हेच सांगायचं होतं. आमच्या प्रभागात एक जुना दुमजली वाडा आहे, मागची भिंत पोट काढून उभी आहे. धोकादायक म्हणून नोटीस लागली आहे, पण भाडेकरू हलत नाहीत. लोक म्हणतात, हट्टी आहेत. तसं नाही गं. वरच्या मजल्यावरच्या आजींनी मला आत नेऊन भिंतीची चीर दाखवली. तिच्यात त्यांनी वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेत, वाळू गळू नये म्हणून. म्हणाल्या, "बाई, भीती आम्हालाही वाटते. पण एकदा बाहेर पडलो की आत कोण घेणार?" आणि खरंच, काय उत्तर आहे याला? मालक म्हणतात, नव्या इमारतीत जागा देतो. तोंडी म्हणतात.

दुपारी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलं, अभियंत्यांनाही बोलावलं. माझा आग्रह एकच होता, आधी मोजणी. कुणाच्या ताब्यात किती चौरस फूट, खोली कुठली, वापर कशाचा, हे सगळं लिहून, सह्या-शिक्क्यानिशी प्रत्येकाच्या हातात द्यायचं. मगच सामान हलवायचं. बरीच वादावादी झाली, पण सोमवारी सकाळी मोजणी धरायची असं ठरलं. सोमवारी मी इथे नसेन. आमचा प्रभाग दोन सदस्यांचा, 2016 च्या निवडणुकीपासून. दुसरे सदस्य वेगळ्या पक्षाचे, सभागृहात आमचं जमत नाही. तरी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सगळे कागद दिले. त्यांनी एकेक पान वाचलं आणि "ताई, मी स्वतः उभा राहतो" म्हणाले. शब्दाचा माणूस आहे.

रेशन दुकान, देऊळ आणि मशिदीबाहेर एक पत्रकही लावलंय. पाणी, दिवे, घंटागाडी, कुठल्या तक्रारीला कुणाकडे जायचं, आणि प्रत्येक वेळी पोच मागून घ्यायची. दाखल्यांसाठी 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येतं. जन्माच्या दाखल्यासाठी कुणाला माझ्या दारात ताटकळावं लागू नये असं मला मनापासून वाटतं.

मी कागदासाठी एवढी हटून का बसते, ते आईंमुळे. त्यांचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली आहे. शिवसागर भरायला लागला तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. भावकी पांगली, कोणी ठाणे-रायगडकडे, कोणी सोलापूरला. राज्यात पुनर्वसनाचा कायदा झाला 1976 साली. पाणी त्याच्या कितीतरी आधी चढलं होतं. पर्यायी जमिनीसाठी त्यांच्या भावांनी सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, आता भाचे झिजवतात. यंदा फेब्रुवारी-मार्चमध्ये कोयनानगरला धरणग्रस्त ठिय्या देऊन बसले होते, त्यात त्यांचा एक भाचाही होता.

आजवर आई लाँचमध्ये कधी बसल्या नाहीत. "आमच्या घरावरून बोट जाते, तीत पाय कसा टाकू?" म्हणायच्या. यंदा त्याच म्हणाल्या, मेमध्ये पाणी उतरलंय, देवळाचं जोतं उघडं पडलं असेल, पोरांना दाखवू. मी बामणोलीच्या लाँचवाल्या दादांशी बोलून ठेवलंय. आधी तिकडे जायचं आणि मग तापोळा. सगळ्यांना लाइफ जॅकेट, आईंनासुद्धा; नऊवारीवर जॅकेट कसं चढवायचं याची तालीम धाकटीने संध्याकाळी घेतली. आईंनी ओटीचं सामान आणि नारळ स्वतःच्या पिशवीत वेगळं बांधलंय. तिथे पोचल्यावर त्या काय करतील, बोलतील की गप्प बसतील, मला अंदाज नाही. यांना मात्र सांगून ठेवलंय की त्या म्हणतील तेवढा वेळ थांबायचं.

अधिकमास लागलाय, आल्यावर वन्सं आणि भावोजी धोंड्याच्या जेवणाला येतील. अनारशाचं पीठ मुरतंय, एक डबा तुझ्यासाठी पाठवते. तू दिवाळीनंतर सवड काढ. तेव्हा शिवसागर काठोकाठ असतो आणि वासोटा किल्ल्याची वाटही खुली असते. वनखात्याची परवानगी मी काढून ठेवीन. काकूंचा गुडघा कसा आहे ते कळव, आणि तुझ्या बदलीचं काय झालं तेही.

तुझीच,
मंगल