येऊरची मैफल: शनिवारी निघण्याआधी वाचा

सभासदहो, शनिवारी संध्याकाळी ५ वाजता ठाण्यातल्या उपवन तलावापाशी जमू. येऊरला पोहोचताच चहा आणि गरम कांदाभजी. रात्री चुलीवरची तांदळाची भाकरी, पिठलं, भरीत, खर्डा. कोंबडीचा रस्सा हवा असेल त्यांनी गुरुवारपर्यंत कळवा.

जेवणाआधी पेटी-तबल्याच्या साथीनं नाट्यगीतं, भावगीतं. स्पीकर मुद्दाम ठेवलेला नाही. समोर बसून ऐकण्याची गोडी वेगळीच! शिवाय येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी असते.

कृपया उष्टं-खरकटं बाहेर टाकू नका. त्यानं कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. लहान मुलांना अंधारात एकटं सोडू नका. ज्यांना गाता येतं त्यांनी आपली पट्टी आधीच सांगून ठेवा.